म्हातारा पावा अन् हाताचं माप

मी ज्या म्हाताऱ्यासाठी गाव सोडलं तो बांबूचा होता, हे आधीच सांगून ठेवते. नाहीतर आमच्या सुलतानपूरच्या बाया बस सुटायच्या आधी गोष्ट रचतात.

आम्ही बुरडाचे. सुपं, टोपल्या, दुरड्या हे पोटाचं काम, अन् पावे हे मालकाचं येड. मालक म्हनजे माह्या घरचे. त्यायचं नाव मी जितेपनी घेतलं नाही, आता मेल्यावर काय घेऊ. पावा म्हनजे आडवी बासरी नव्हे. आडवीले फुंकायले शिकावं लागते. पावा उभा धरायचा. त्याच्या टोकाले शिटीसारखं तोंड असते, त्यात नुसता श्वास सोडला का तो बोलते. म्हनून तो लेकरायचा अन् ढोरं राखनाऱ्यायचा.

पाव्याचे आमच्या घरी चार मापं. सगळ्यात लहान ती नात. वीतभर असते, पन वाजली का कुत्रं उठून दुसऱ्या गल्लीत जाते. तिच्याहून मोठी सून, ती जरा खालच्या आवाजात बोलते, पन बोलतेच. मग सासू, ती सुनेच्या खालून हळूच बोलते अन् सगळ्यायले ऐकू जाते. अन् शेवटी म्हातारा. जाड, लांब, बोलायले वेळ लावनारा. पन बोलला का छातीत काहीतरी हालते. पावा जेवढा लांब तेवढा आवाज खाली, हा एकच कायदा. बाकी घरासारखंच, लहान असते ते किंचाळते, मोठं असते ते गुरगुरते.

मालक छातीच्या दुखन्यानं गेले त्याले बारा वर्षं झाली. चार लेकरं झालती, दोन राह्यली. लेक सासरी, पोरगा पुन्याकडं कंपनीत. मी सुपं विनत राह्यली, कारन सुपाले कुनाच्या मरन्याशी घेनंदेनं नसते. मालक गेले तेव्हा चुलीच्या वर आढ्याले सहा लांब बांबू बांधलेले होते. म्हाताऱ्याले बिनगाठीचं लांबच लांब पेर लागते. गाडीभर बांबूत एखादा तसा निघते. धुरावर ठेवला का भुंगा लागत नाही. बारा वर्षं मी त्यायच्या खाली भाकरी केल्या, हात लावला नाही.

मग शाळेतल्या मॅडमचा फोन आला. हिवरा आश्रमाच्या अलीकडं एका गावची शाळा आहे. तिथं मालकानं आपल्या हातानं वीस पावे करून दिलते, नाती, सुना, सासवा. म्हातारा एकच दिला होता, तो भुंग्यानं खाल्ला. मॅडम म्हनल्या, "आजी, मोठे चार पाहिजेत. मोठे सर म्हणतात, शुक्रवारपर्यंत सगळे पावे एका सुरात वाजले नाहीत तर ते काढून टाकू आणि शहरातून प्लास्टिकचे मागवू."

त्या शाळेशिवाय मालकाचे पावे आता कुठंच वाजत नाहीत. बाकीच्या गावात कुनाच्या चुलीची फुंकनी झाली, कुनाच्या पोरानं त्याचा गाडीचा आस केला. मी चार बांबू उतरवले, चार म्हातारे केले. उरलेले दोन कच्चे बांबू बी सोबत घेतले. काऊन घेतले ते मले सांगता येत नाही. जुन्या मानसाले अंदाज येते.

सोमवार, हिवऱ्याच्या वाटेवर

सुलतानपूरहून मेहकरची बस धरली. कंडक्टरनं आधार पाह्यलं. आधार काढनाऱ्या पोरानं माहं वय कमी लिहून ठेवलं आहे, त्यापायी मी कागदावर अजून पंचाहत्तरीची नाही, अर्ध्या तिकिटाची. माह्याहून लहान जनी फुकट फिरतात अन् वरून मले म्हनतात, "बस व माय, तू तर तरनी आहे."

बांबू बसमधी उभे राहत नव्हते, आडवे मावत नव्हते. शेवटी तिरपे धरले. ड्रायव्हरनं ब्रेक मारला तशी एकाची टोपी बांबूच्या टोकावर गेली अन् तिथंच राह्यली.

"ओ बुढे, हे काय लावलं?"

"टोपी टांगायची खुंटी," मी म्हटलं. "मेहकरले काढून घेजो."

मेहकरहून दुसरी बस. शाळेत पोचली तेव्हा पोरं खिचडीले बसली होती. मले बी ताट आलं. आमच्याकडं पाहुन्याले आधी गूळपानी देतात, इथं आधी खिचडी अन् मग विचारपूस. मले हीच रीत बरी वाटली.

मॅडम पुन्याच्या. आमचं बोलनं त्यायले अर्धं समजते, अर्धं त्या हसून भागवतात. त्यायनं एक लांब पेटी उघडली. आत मऊ कापडात एकाशेजारी एक झोपवलेले पावे. प्लास्टिकचे, काही लाकडाचे. ओळखीच्या मानसाकडून चार दिवसांसाठी आनले होते.

"याला रिकॉर्डर म्हणतात, आजी. परदेशात हे शेकडो वर्षांपासून वाजवतात."

मी एक हातात घेतला. पोपटाच्या चोचीसारखं तोंड, त्याच्या खाली चिरलेली खिडकी, खाली भोकं. अरे, हा तर आपलाच पावा! फक्त कपडे साहेबाचे.

"अन् हे लहानमोठे काऊन?"

"हे कुटुंब आहे. सगळ्यात छोटा सोप्रानिनो, मग सोप्रानो, मग अल्टो, टेनर, आणि हा मोठा बास."

बास म्हनजे मॅडमच्या कमरेएवढा. त्याच्या भोकापर्यंत बोट पोचत नाही म्हनून पितळी चाव्या लावलेल्या. मॅडमनं एकेक वाजवून दाखवला. सोप्रानिनो असा किंचाळला का मले माही नातच आठवली. बास वाजला तसा घरात कुनी मोठं मानूस खाकरल्यावानी वाटलं.

"बोटं तीच ठेवायची," मॅडम म्हनल्या, "पण सोप्रानोवर एक सूर निघतो आणि अल्टोवर तोच हात ठेवला की वेगळा."

"आमच्या सुनेचं अन् सासूचं बी तसंच हाय," मी म्हटलं. "गोष्ट एकच, पन दोघीच्या तोंडून वेगळी निघते."

मॅडमले हसता हसता ठसका लागला. मले बरं वाटलं. सात समुद्रापलीकडं बी कुनीतरी लहानापासून म्हाताऱ्यापर्यंत घर बांधून ठेवलं, अन् तिथं बी म्हाताऱ्याचा आवाज सगळ्यात खाली.

मग पोरायनं मालकाचे पावे काढले. मी माहे चार म्हातारे चार मोठ्या पोरीयच्या हातात दिले. मॅडमनं हात वर केला, खाली केला.

आता कसं सांगू? बाजारात दोन बैलगाड्या समोरासमोर अडकल्यावर दोन्ही गाडीवान एकदम शिव्या देतात, तसं झालं. नाती, सुना, सासवा एकीकडं, माहे म्हातारे दुसरीकडं. पोरं हसू लागली. मोठे सर दारात उभे होते. ते हसले नाहीत, ते अजूनच वाईट.

"शुक्रवार," ते म्हनले अन् गेले.

मॅडमनं फोन काढला. त्यात सूर मोजायचं यंत्र असते. म्हनल्या, "आजी, तुमचे चारही एकमेकांशी जुळतात. पण बाकीच्यांपेक्षा वर आहेत. म्हणजे आखूड झालेत. भोकंही जवळजवळ आहेत."

मग त्यायनं पट्टीनं लहान पावे मोजले, कागदावर गुनाकार केले, अन् म्हनल्या का एवढ्या एवढ्यावर भोक पाडा. त्या शिकलेल्या, मी चौथी. मी सळई तापवली, एका कच्च्या बांबूले तशी भोकं पाडली. तो असा खाली गेला का विहिरीतून बोलल्यावानी वाटे. मोठ्या बांबूचं पोट बी मोठं असते, ते गुनाकारात धरलं नव्हतं. बांबू काही पाढे शिकलेला नाही.

आता एकच कच्चा बांबू राह्यला. पाव्याची शेपटी जराजरा कापत सुराले आनता येते, पन भोक एकदा पडलं का ते हालवता येत नाही.

"तुम्ही माप कसं घेतलं, आजी?"

"हातानं. मालक घेत तसं. इतक्या विती, इतके बोटं, अंगठा असा."

"कुणाच्या हातानं?"

"माह्या."

मॅडम माह्या हाताकडं पाहू लागल्या. मी बी पाह्यला. पन्नास वर्षं संसार केला, अन् एवढी गोष्ट डोक्यात आली नाही का मालकाची वीत त्यायची होती अन् माही वीत माही. शब्द मी बरोबर जपले, हात घ्यायचा राह्यला.

मंगळवार, चिखली अन् पुढं

मालकाचा हात केवढा हे मले माहीत होतं. पावसाळ्यात काम नसे तेव्हा ते तळव्याले तळवा लावत अन् म्हनत, "पाह्य, तुह्या हाताले माह्या हाताची सावली बी पुरत नाही." माह्या मधल्या बोटाच्या टोकापासून त्यायचं बोट एक पेर वर जाय. अंगठा माह्या अंगठ्याच्या दीडपट. म्हनजे त्यायच्या मापाचा हात सापडवायचा तर मानसाच्या तळव्याले तळवा लावूनच पाहावं लागनार. मी सत्तरीच्या पुढची, विधवा, अन् यष्टीत बसून मानसायचे हात मागत फिरनार! लाज वाटली का? वाटली. पन लाजेनं पावा होत नाही.

पह्यला चिखलीच्या बसचा कंडक्टर.

"दादा, जरा हात दे."

"काऊन, आजी? भविष्य पाह्यता का?"

"हाव."

त्यानं हात दिला. मी तळवा लावला. अर्धं पेर कमी.

"काय निघालं?"

"बायको चांगली भेटन," मी म्हटलं.

"भेटली आजी, दोन लेकरं हायेत."

"मग जपून ठेव. हात काही कामाचा नाही तुहा."

सगळी बस हसली अन् मग जो तो हात पुढं करू लागला. एक शेतकरी, हात भाकरीएवढा, पन बोटं आखूड. एक मास्तर, बोटं लांब पन पापडासारखी चपटी. एका म्हाताऱ्याचा हात बरोबर वाटला, तर त्याच्या मधल्या बोटाचं टोकच नव्हतं. कडब्याच्या कुट्टी मशीनमधी गेलं म्हने.

"ते असतं तर जमलं असतं," मी म्हटलं.

"माह्या बायकोनं बी हेच म्हटलं होतं," तो म्हनला.

चिखलीच्या स्टँडवर भजे खाल्ले, तळलेल्या मिरच्या दोन जास्त मागून घेतल्या. तिथून बुलढाना, अन् बुलढान्याहून धाडची जीप. जीपमधी आम्ही चौदा जन अन् माहा बांबू. त्याचं टोक खिडकीबाहेर होतं, अन् ड्रायव्हर वळनावर हाताऐवजी त्याच्याकडं बोट दाखवून मागच्याले सांगे, "बाजू द्या."

धाडले काऊन निघाली? मालक मूळचे धाडचे. रक्तातला हात रक्तात सापडन म्हनून. तिथं मालकाचा पुतन्या आहे, मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे त्याचं. अन् तिथं आनखी एक मानूस आहे, त्याच्याकडं मी जायचं नाही असं पक्कं ठरवूनच जीपमधी बसली होती.

ते मानूस म्हनजे माही ननंद, गोदाबाई.

आमच्या सासऱ्याची एक रीत होती. म्हाताऱ्या पाव्याचं माप लेकीले सांगायचं नाही, सुनेले सांगायचं. लेक दुसऱ्याच्या घरी जाते, तिच्यासंगं माप बी जाते. सून घरात राहते. म्हनून लग्न होऊन वर्ष झालं नाही तर सासऱ्यानं मले माप दिलं, अन् गोदाबाई, जी लहानपनापासून बापाच्या मांडीशी बसून पावे घासत होती, तिले दाराबाहेर काढलं. मालकाच्या तेराव्याले ती मले म्हनली, "वैनी, आता तरी सांग." मी म्हटलं, "मामंजीनं नाही म्हटलं होतं." ती ताटावरून उठली. त्या दिवसापासून बारा वर्षं, ना फोन, ना लग्नाची पत्रिका.

धाड

धाडचा बाजार होता. मिरच्यायचा खकाना हवेत, सगळा बाजार शिंकून राह्यला होता. तिकडं बोलनं बी बदलते. आमच्याकडं मले-तुले, तिकडं मला-तुला. जालन्याचं वारं लागते म्हनतात. भाव करतानी मात्र दोन्हीकडं आवाज सारखाच चढते.

पुतन्याचा हात पाह्यला. बाईच्या हाताहून नाजूक. दिवसभर बारके स्क्रू धरून बोटं काडीसारखी झाली.

"काकू, हात कशाला पाहिजे? फोनमधी ॲप असते."

"तुह्या ॲपले अंगठा हाय का?"

बाहेर आली, रहीमभाईच्या दुकानाशी टेकली. रहीमभाई बांगड्यावाले. त्यायच्या बापानं माह्या लग्नात मले बांगड्या भरल्या होत्या. त्यायनं मले लगेच ओळखलं, चेहऱ्यावरून नाही, मनगटावरून.

"अंजनाबाई! सव्वादोनचा हात. बसा, बसा. चाय मंगवतो."

चहा पिता पिता मी सगळं सांगितलं. चार बसा, एक जीप, एवढे हात पाह्यले, मालकाचा हात सापडत नाही.

रहीमभाई ऐकत ऐकत हसू लागले. "बाई, तुम्ही मर्दाचे हात पाहून राहिले. मी पन्नास साल बाजारात बायांचे हात धरून बसलो. या पूर्ण धाडमधे एकच बाई आहे जिच्यासाठी मी वरच्या खनात मोठ्या बांगड्या ठेवतो. भाईचा हात और बहिणीचा हात, एकदम एकच साचा. तुम्हाला नाव सांगू का?"

"नका सांगू," मी म्हटलं.

"सांगत नाही. पर घर दाखवतो. उधर, लिंबाच्या झाडाखाली."

मी लगेच गेली नाही. आधी आनखी एक चहा घेतला. मग रहीमभाईचाच हात मागितला. त्यायनं दिला बी. तो बी आखूड निघाला.

लिंबाखाली दार अर्धं लोटलेलं होतं.

"कोण?"

"मी."

"मी कोण?"

"तुह्या भावाची बायको."

"माझा भाऊ गेला. त्याची बायको बी गेली असंल, बारा वर्षांत काही निरोप नाही."

"गेली असती तर त्या जीपचे धक्के कशाले खाल्ले असते? दार उघड, माहे गुडघे गेले."

दार उघडलं. गोदाबाई वाळली होती, पन हात तेच. दाराच्या चौकटीवर तिचा पंजा ठेवला होता, अन् एक घडी मले मालक दारात उभे आहेत असं वाटलं. मी पदरानं तोंड पुसलं. घामच होता.

तिनं पानी दिलं. मग न विचारता ताट वाढलं, कळन्याची भाकर, वांग्याचं भरीत अन् ठेचा. ठेचा असा का बारा वर्षांचा राग खलबत्त्यात कुटून घातला होता. ती समोर बसून माह्या तोंडाकडं पाहत होती. मी सगळा खाल्ला, बोट पुसून घेतलं, अन् म्हटलं, "मीठ जरा कमी आहे."

"डोळ्यातून पाणी येऊन राहिलं तुझ्या."

"धूर आहे."

"चूल पेटलेलीच नाही."

मग मी बांबू पुढं ठेवला अन् शाळेचं सगळं सांगितलं. शुक्रवारचं. मोठ्या सरायचं. प्लास्टिकचं. सांगायले वेळ लागला नाही, कारन ऐकताऐकता तिचा एक हात बांबूवर गेला होता, अन् तिचं बोट त्याच्यावर आपोआप चालत होतं.

"म्हणजे तुला माझा हात पाहिजे."

"हाव."

"अन् माप तू मनातल्या मनात म्हणणार, अन् मी आंधळ्यावानी हात ठेवत जाणार. इथं ठेव, तिथं ठेव. बरोबर ना?"

खरं सांगते, वाटेत मी हाच बेत केला होता.

"मग ने तुझा बांबू," ती म्हनली. "हात हवा तर माप सांगावं लागंल. तोंडानं. माझ्या कानात."

सासऱ्याचं तोंड डोळ्यापुढं आलं. मालकाचं बी. त्या दोघायनं आपला शब्द आपल्यासंगं नेला, अन् वीस पावे त्या शाळेत मोठ्या सराच्या मागनीच्या कागदाची वाट पाहत होते. मी विचार केला, सासरा वर बसून रागावनार तर मालक त्याले सांभाळतीन. जिते होते तेव्हा मी त्यायले बापापासून किती सांभाळलं.

"कान इकडं कर," मी म्हटलं.

मी सांगितलं. इथं लिहीत नाही, तुमच्यात लेकी किती अन् सुना किती मले काय माहीत.

गोदाबाईनं ऐकलं. मग तिचे खांदे हालू लागले. मले वाटलं रडते. ती हसत होती.

"येवढंच? अगं, हे तर मला नऊ वर्षांची असल्यापासून माहीत! बाप दार लावून घ्यायचा, पण त्या दाराला फट होती."

"मंग बारा वर्षं तोंड काऊन फिरवलं?"

"माहीत होतं, वैनी. सांगितलं नव्हतं कुणी."

ती उठली अन् माळ्यावरून तीन पावे काढून आनले. तिनं चोरून केलेले. तिन्ही म्हातारे, तिन्ही बिघडलेले. एकाचं टोक काळं झालं होतं, चूल फुंकून फुंकून.

"सगळं बरोबर येते अन् शेवटचं भोक चुकते," ती म्हनली. "फटीतून शेवटचं बोट दिसत नव्हतं. आडवं का उभं. आज तू सांगितलं तेव्हा समजलं. सत्तर वर्षांत एका बोटासाठी अडकले बघ!"

बुधवार

सकाळी चूल पेटवली, सळई लाल केली. मी माप म्हटलं, तिनं हात ठेवला. वीत. बोट. आडवं. उभं. जिथं तिचा अंगठा पडला तिथं मी कोळशानं खून केली. सळई टेकवली का बांबूतून बारा वर्षांचा धूर निघे, माह्या चुलीचा, माह्या भाकरीयचा. शेवटच्या भोकाशी मी सळई धरून थांबली.

"दे इकडं," ती म्हनली.

"मीच पाडते."

"तू सुपं विणणारी, सरक!"

"अन् तू फुंकन्या करनारी!"

शेवटी सळईचा दांडा दोघीनं धरला. भोक पडलं.

तिनं फुंकलं. आधी नुसती हवा. मग आवाज आला, खालून, जमिनीतून आल्यावानी. शेजारची बकरी चरता चरता थांबली. गोदाबाईनं शेपटीकडून एक चकती कापली, अजून एक कापली, फुंकलं, मान डोलावली. कान तिचा तिच्या भावासारखाच. मले सूर तेवढा समजत नाही. मले एवढंच समजलं का हा आवाज मी बारा वर्षं ऐकला नव्हता.

"आन, बांधून घेते," मी म्हटलं.

तिनं पावा पदराखाली घेतला. "मी येते संगं. मी बनवला, मी वाजवणार."

शुक्रवार, शाळेत

मोठे सर टेबलापाशी बसले होते, समोर प्लास्टिकच्या पाव्यायच्या मागनीचा कागद, पेनाचं टोपन काढलेलं. मॅडम आमच्याकडं पाहून म्हनल्या, "चारपैकी एकच?"

"एकच," मी म्हटलं. "पन खरा."

पोरं ओळीनं बसली. नाती पुढं, सुना मागं, सासवा त्याच्या मागं. म्हातारा घेऊन गोदाबाई भिंतीशी, तिले खुर्ची दिली तर म्हनली पाट आना. मॅडमनं हात वर केला. चार मापायपैकी एक जरी फाटलं तर सर तो कागद भरून मोकळे.

हात खाली आला. नाती किंचाळल्या नाहीत. मागून म्हातारा निघाला अन् त्यानं सगळ्यायले आपल्या पाठीवर घेतलं. सुना सासवांच्या अंगावर गेल्या नाहीत. एक पोरगी वाजवता वाजवता मागं वळून पाहू लागली, हा आवाज कुठून येते म्हनून. मॅडमनं फोनमधलं यंत्र पाह्यलं अन् फोन खिशात ठेवून दिला.

मोठ्या सरायनं मागनीच्या कागदाची घडी केली. मग पेनाले टोपन लावलं.

"मॅडम, ती पेटी ज्यांची आहे त्यांना परत करा," ते म्हनले. मग आमच्याकडं पाहून, "आजी, पुढच्या वर्षी अजून तीन लागतील. कराल ना?"

"मी करते," गोदाबाई म्हनली, "पण हिला विचारा, ही माझ्याशी बोलते का."

"बोलते," मी म्हटलं. "कामापुरतं."

माहे बिघडलेले चार म्हातारे मॅडमनं ठेवून घेतले. ते एकमेकाशी जुळतात, त्यायचं वेगळं गानं बसवू म्हनल्या. चार हट्टी म्हातारे एका ओसरीवर बसवल्यावानी होईन ते.

परतीच्या बसले गोदाबाई माह्याआधी चढली अन् खिडकीची जागा धरली. मले मेहकरची बस धरायची होती, तिले चिखलीची. पन ती म्हनली चिखलीपर्यंत ये, मग तिथून फीर. मी म्हटलं, हे काय उलटं, माहं गाव तिकडं हाय. म्हनली, बारा वर्षं उलटीच होती, आज एक फेरा झाला तर काय बिघडलं. मी चढली. बसताबरोबर तिनं तेराव्याचं काढलं, मी लग्नाच्या पत्रिकेचं काढलं, तिनं मामंजीचं, मी त्या ठेच्याचं. कंडक्टर दोनदा म्हनला, आजी, हळू. बारा वर्षांचं साचलेलं होतं, चिखली आली तरी अर्धं बी सरलं नव्हतं.